हॉटेलातले ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. सतरंज्या घालणे, हळदीकुंकवाची तयारी करणे, कार्यक्रम आटोपल्यावर कपबशा विसळणे ही मंडळातली माझी नेहमीची कामे. यंदा मात्र कार्यवाहबाईंनी माझ्या नावापुढे 'भाषण' असे लिहून टाकले. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "मुलांना जेवू घालायला कोणती परीक्षा द्यावी लागते? त्यावरच बोला." म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

मुलांना घेऊन आपण हॉटेलात जेवायला जातो तेव्हा त्यांच्या पोटात काय जाते, आणि आईने त्या बाबतीत काय करावे, हा माझा विषय. कोणाला तो लहान वाटेल. तीन वर्षांपूर्वी मलाही तो लहानच वाटत होता.

माझे माहेर सुधागड तालुक्यातले. गावची शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा लांब, म्हणून माझे शिक्षण तेथेच थांबले. लहानपणी हॉटेलातले खाणे म्हणजे वर्षातून एकदा. मुंबईला काकांकडे जाताना एस. टी. पनवेलला थांबे. वडील खाली उतरून कागदात बांधलेले बटाटेवडे आणीत. आम्ही भावंडे तीन आणि वडे दोन. आई ते मोडून सारखे वाटे. हाताला लागलेला वास जाऊ नये म्हणून आम्ही काकांच्या घरी पोहोचेपर्यंत हात धूत नसू.

पुढे लग्न होऊन मी त्याच पनवेलला आले. आपले पनवेल हे वाटेवरचे गाव. घाटावर जाणारा, कोकणात जाणारा, मुंबईहून येणारा, प्रत्येकजण येथे घटकाभर टेकतो आणि काहीतरी तोंडात टाकतो. १८५२ साली नगरपालिका झालेले हे जुने गाव २०१६ मध्ये महानगरपालिका झाले, वस्ती वाढली, आणि खाण्याची दुकानेही वाढली. वडाळे तळ्यापासून निघून नवीन पनवेलपर्यंत चालत जा. वडे, डोसे, चायनीज, पिझ्झा, मोमो, जे मागाल ते आहे. चालायचे नसेल तर मोबाईलवर बोट ठेवले की जेवण दारात. वडा तोच आहे हो. फक्त वर्षाचा आठवडा झाला.

आणि खरे सांगायचे तर हॉटेलात जाणे मला आवडते. आमचे हे तळोज्याच्या कारखान्यात आहेत. पाळीची नोकरी. घरातल्या पाचांनी एकत्र बसायचे तर रविवारची संध्याकाळच मिळते. त्या दिवशी ओटा पुसून ठेवावा, गॅस बंद करावा, आणि दुसऱ्याच्या हातचे गरम अन्न आपल्या पुढ्यात यावे, हे सुख कोणत्या बाईला नको? अंगात ताप असला तरी ज्यांना पोळ्या लाटाव्या लागतात अशा आपल्यात थोड्या का आहेत? तेव्हा हॉटेलात जाऊ नका असे सांगायला मी उभी नाही. तसे सांगणारे पुष्कळ असतात, पण ते बहुधा स्वतः स्वयंपाक करीत नाहीत.

आता आमच्या घरचे सांगते. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. अंगाने गुटगुटीत, गाल वर आलेले. सासूबाई कौतुकाने म्हणत, "खात्यापित्या घरचा दिसतो हो!" पण जिना चढताना तो धापा टाकी, दुपारी पुस्तकावर पेंगे, आणि चेहरा पांढुरका दिसे. मी समजे, अभ्यासाचा कंटाळा. शेवटी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन निघाले ९.१. त्या वयाच्या मुलाचे साडेअकराच्या खाली असू नये. मी म्हटले, "डॉक्टर, पण तो चांगला जाडजूड आहे की!" ते म्हणाले, "बाई, पोट भरणे निराळे आणि अंगी लागणे निराळे. तो आठवडाभर काय खातो ते लिहून आणा."

मी वही घेऊन लिहायला बसले. रविवारी हॉटेलात नूडल्स, तळलेले मंच्युरियन आणि शीतपेय. सोमवारी डब्यात त्यातलेच उरलेले. बुधवारी क्लासवरून येताना वडापाव. शुक्रवारी यांची रात्रपाळी, म्हणून मोबाईलवरून मागवलेला पिझ्झा. घरी वाढावे तर "भूक नाही", दोन घास वरणभात की उठला. साऱ्या आठवड्यात पालेभाजी एकदा आणि उसळ एकदाही नाही. लिहिता लिहिता माझा हात जड झाला. दर वेळी सासूबाई म्हणत, "अगं, एक दिवस खाऊ दे पोराला," आणि मीही मनात तेच म्हणे. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आठवून आठवून खुणा केल्या. तो 'एक दिवस' त्या महिन्यात अकरा वेळा आला होता.

हे आमच्याच घरचे दुखणे आहे असेही नव्हे. माझ्या मोठ्या मुलीने सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे मला वाचून दाखवले. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच पाहणीत वजन जास्त असलेली मुले शंभरात ४ निघाली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ती २ होती. रक्त कमी आणि वजन जास्त, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, हे मला माझ्या मुलाने शिकवले.

मग मी काय केले? जे कोणीही घाबरलेली आई करील तेच. हॉटेल बंद, बाहेरचे बंद, सगळे बंद. थोड्याच दिवसांनी नणंदेच्या मुलाचा वाढदिवस एका हॉटेलात होता. धाकट्याने शीतपेयाचा पेला उचलला. मी सगळ्यांच्या देखत तो त्याच्या हातून ओढून घेतला आणि म्हटले, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? किती जाडा झालास ते दिसत नाही का?" पोराचे डोळे भरून आले. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढे आठ दिवसांनी दप्तर धुवायला काढले, तर तळाशी वेफर्सच्या रिकाम्या पुड्या. मोजल्या, सात होत्या. आजीने दिलेल्या पैशांतून आणलेल्या. मी आवाज चढवणार एवढ्यात तो म्हणाला, "बाबा तर दर रविवारी पितात. त्यांना तू काही बोलत नाहीस."

मैत्रिणींनो, माझ्याजवळ उत्तर नव्हते. यांना मधुमेह निघून वर्ष झाले होते, तरी हॉटेलात यांच्यापुढे बाटली असेच. आणि मी? मंच्युरियनची प्लेट मीच मागवीत असे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्या रात्री मी यांना पुड्या दाखवल्या आणि मुलाचे बोलणेही सांगितले. हे काही बोलले नाहीत. दोन दिवस गप्पच होते. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हॉटेलात गेलो. वेटर वही घेऊन आला. हे म्हणाले, "मला ताक द्या." धाकट्याने वर पाहिले आणि म्हणाला, "मलाही." त्या दिवशी मला जे कळले तेच मला आज सांगायचे आहे. हॉटेलात मूल आईच्या तोंडाकडे पाहत नाही, आईबापांच्या ताटाकडे पाहते. आधी ते ताट सुधारावे.

ते कसे सुधारावे, हे आता अनुभवाचे सांगते.

पहिली गोष्ट, उपाशी मूल हॉटेलात नेऊ नये. आपण म्हणतो, बाहेर जेवायचेच आहे, मग संध्याकाळी काही देऊ नको. येथेच गाडे घसरते. रविवारी गर्दी असते. टेबल मिळायला पाव तास, पदार्थ यायला अर्धा तास. तेवढ्या वेळात पापड येतो, बाटली येते आणि भूक मरते. मी निघण्यापूर्वी मुलांना एकेक केळे किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे देते. आणि हॉटेलात बसल्याबरोबर काकडी-टोमॅटोची बशी मागवते. भूक असते, समोर दुसरे काही नसते. बशी रिकामी होते.

दुसरी गोष्ट पेयाची. बाटलीवरचे बारीक अक्षर एकदा वाचून पाहा. साध्या शीतपेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या लहान बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, आपल्या चहाच्या चमच्याने पाच चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयी जी पुस्तिका काढली, तिच्यात साऱ्या दिवसाची साखर २५ ते ३० ग्रॅमपर्यंत ठेवावी असे सांगितले आहे. त्या एका बाटलीतच दिवस संपला की! मी एकदा घरी पाच चमचे साखर एका वाटीत काढून मुलांपुढे ठेवली. बोलले काही नाही. भाषणापेक्षा त्या वाटीने जास्त काम केले. आता आम्ही ताक घेतो, सोलकढी घेतो, किंवा कमी साखरेचे लिंबू सरबत सांगतो. आणि जेवणाबरोबर चहा मुलांना देत नाही. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबाने ते लागते, म्हणून उसळीवर लिंबाची फोड अवश्य पिळावी.

तिसरी गोष्ट, मागवावे काय. आमच्या घरी आता नियम आहे: एक त्याच्या मनाचे, दोन ताटाचे. मुलाने एक पदार्थ स्वतः निवडावा, त्याला आम्ही नाक मुरडीत नाही. दोन आम्ही सांगतो: एक डाळ, उसळ, अंडे किंवा मासळी यांपैकी, आणि एक भाजी. सगळे मध्ये ठेवून सर्वांनी वाटून घ्यायचे. प्रत्येकाची वेगळी प्लेट मागवली की मूल नूडल्सच्या डोंगराएवढ्या ढिगाशी एकटे झुंजत बसते.

उडप्याच्या हॉटेलात इडली-सांबार घ्यावे आणि सांबार दुसऱ्यांदा मागावे; त्यात डाळ आणि भाजी दोन्ही असतात. मिसळ घेतली तर उसळ जास्त, तर्री बाजूला आणि वर दही. पावभाजीचे लोणी निराळ्या वाटीत मागावे, आपल्या हाताने घातले की थोडे पुरते. रोटीला लोणी लावू नका म्हणावे. चायनीज खायचे झाले तर रंग घालू नका असे आधीच सांगावे. त्या मंच्युरियनचा लाल भडक रंग काही मिरचीचा नसतो. शेजारच्या कर्नाटक राज्याने तर मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यास बंदी केली. दोन ठिकाणी वेटर माझ्याकडे बघून हसला. तिसऱ्या ठिकाणी मालक स्वतः येऊन म्हणाला, "ताई, बिनरंगाचं करून देतो, चव तीच लागेल." तशीच लागली.

आपल्या भागाचे जेवण मिळत असेल तर तेच पहिले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, माशाचे कालवण, सोलकढी. बांगडा तळलेला आवडतो हे खरे, पण एक तळलेला चौघांत आणि बाकी कालवणातले. असल्या जेवणाला हॉटेलात 'स्पेशल' म्हणून दाम जास्त पडतो, आणि घरी केले की मुले तोंड फिरवतात. तर मग निदान हॉटेलात तरी त्याचा मान राखून घ्यावा.

पौष्टिक म्हणजे महागच असते असेही नाही. २०२० साली २६ जानेवारीला महाराष्ट्र सरकारने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यात काय होते? दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि भाताची एक मूद. चपाती तीस ग्रॅमची, भात दीडशे ग्रॅम, सगळे मोजून. आपण पाचशे रुपयांचे बिल देऊन उठतो तेव्हा आपल्या मुलाच्या पोटात एवढी वाटीभर भाजी आणि वाटीभर वरण तरी गेले का, हे मनाशी विचारावे.

चौथी गोष्ट, कोंबू नये. "पैसे दिलेत, टाकू नकोस, संपव!" हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकू येते. मीही म्हणत असे. पण मुलाचे पोट भरले म्हणजे भरले. बिल वसूल करण्याची जागा ते नव्हे. आता मी पिशवीत स्टीलचा डबा नेते. उरलेले त्यात भरायचे, घरी येताच फ्रीजमध्ये ठेवायचे, दुसऱ्या दिवशी चांगले गरम करून मोठ्यांनी खायचे. सुरुवातीला यांना डब्याची लाज वाटे. आता निघताना हेच विचारतात, "डबा घेतलास का?"

पाचवी गोष्ट स्वच्छतेची. कावीळ आणि टायफॉइड दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. म्हणून पाणी घरचे न्यावे, बर्फ नको म्हणावे, आधीच कापून ठेवलेली फळे घेऊ नयेत, आणि जे समोर वाफाळत येते ते निवडावे. काकडीची बशीही आत्ता कापून द्या असे सांगावे आणि जेथे स्वच्छता नजरेला दिसते तेथेच ती घ्यावी. मुलांचे हात साबणाने धुवून मगच टेबलाशी बसवावे. आपण घरी हे करतो, हॉटेलात गेलो की का कोण जाणे विसरतो.

सहावी गोष्ट सर्वांत अवघड, ती आपल्या जिभेची. चार लोकांत मुलाच्या अंगावरून बोलू नये. 'जाडा', 'हावरा', 'हाडकुळी' हे शब्द टेबलावर येऊ देऊ नयेत. "भाजी खाल्लीस तर आईस्क्रीम देईन" असा सौदाही करू नये. त्याने भाजी ही शिक्षा आणि आईस्क्रीम हे बक्षीस ठरते. आईस्क्रीम ज्या दिवशी खायचे त्या दिवशी आनंदाने खावे, एक मागवून दोघांत. आणि मोबाईल पिशवीत ठेवावा. त्याच्याकडे डोळे लावून जेवणाऱ्या मुलाला आपण काय खाल्ले हेच कळत नाही, मग पोट भरलेले कुठून कळणार? माझ्या धाकट्याचा तो भरलेला चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी पेला मी काढून घेतला, पण पुड्या दप्तरात लपवायला मीच शिकवले.

आता विचाराल, पुढे काय झाले? डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले, जंतांचे औषध दिले, ते नेमाने घातले. औषधाचे श्रेय औषधाला. घरी आठवड्यातून तीनदा उसळ आणि तीनदा पालेभाजी सुरू केली. बाहेरचे खाणे बंद केले नाही. अकराचे चारवर आणले, फक्त रविवारचे. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ झाले. वजन फारसे उतरले नाही, पण उंची वाढली आणि जिना चढताना धाप लागेनाशी झाली. यांची साखरही पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे. सगळेच साधले असे मी म्हणणार नाही. नूडल्स त्याला अजून आवडतात, आणि 'एक त्याच्या मनाचे' म्हणून बहुतेक वेळा तेच येते. येऊ द्या. बाजूला दोन ताटाचे असतात ना!

गेल्या महिन्यात माझा भाऊ मुलांना घेऊन आला होता. सगळे मिळून बाहेर गेलो. भाच्याने बसल्या बसल्या शीतपेय मागितले. मी बोलणार होते, पण गप्प बसले. धाकटा आता अकरा वर्षांचा आहे. तो भाच्याला म्हणाला, "आधी सोलकढी पिऊन बघ, इथली मस्त असते. नाही आवडली तर ते घे." भाच्याने दोन पेले घेतले. यांनी माझ्याकडे पाहिले, मी यांच्याकडे पाहिले. कोणी काही बोललो नाही.

मैत्रिणींनो, रविवारची आपली सुटी आपण सोडू नये. ती आपल्या हक्काची आहे. हात ओट्यापासून सुटले तरी मुलाच्या ताटावरची नजर मात्र सुटू देऊ नये, आणि ती नजर रागाची नसावी, एवढेच माझे सांगणे आहे. आज घरी गेल्यावर दिनदर्शिका काढा आणि गेल्या महिन्यातले 'एक दिवस' मोजा. आकडा मला सांगितला नाहीत तरी चालेल. ज्यांचा अकराच्या वर जाईल, त्यांनी पुढच्या सभेला माझ्या शेजारी येऊन बसावे.

 कपबशा आज दुसऱ्या कोणी विसळल्या तर बरे होईल.